डिस्कला कुंकू

सिद्धप्पा बिराजदारांना गिरणीत सगळे अण्णा म्हणत. बावीस वर्षं अण्णांना विचारल्याशिवाय चादरीची एकही नक्षी मागावर चढली नव्हती. कुठल्या नक्षीला कुठलं सूत, कुठला रंग, हे त्यांच्या रजिस्टरांत होतं आणि रजिस्टरं त्यांच्या कपाटात. साहेबसुद्धा टेबलाशी येऊन उभे राहत. माणसाला आणखी काय लागतं?

एकोणऐंशी साली रत्नम्मा आली. साखर पेठेतल्या विणकराची पोर, पुण्याला शिकून आलेली. तिनं मागच्या खोलीत कपाटाएवढं कॉम्प्युटरचं मशीन बसवून घेतलं, त्यात माहिती साठवायची परातीएवढी डिस्क. विणाई, रंगखातं आणि विक्री अशा तीन टेबलांपर्यंत वायरी ओढल्या आणि टेबलांवर पडदे मांडले. डिस्क एकच, पण ज्याला हवं त्यानं आपल्या जागेवर बसून वाचावं. अण्णांची रजिस्टरं तिनं दोन महिन्यांत त्यात उतरवली. मग अण्णांच्या टेबलाशी यायचा तो फक्त चहावाला.

अण्णा जळले. लपवायचं कशाला, पुरते जळले. तिनं नमस्कार केला तरी जळत, नाही केला तरी जळत.

खंडेनवमीला गिरणीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा होई. हा मानही अण्णांचाच. रत्नम्मा म्हणाली, "अण्णा, हळदकुंकू बाहेरच्या पेटीलाच लावा. आत कण गेला तर डिस्क खरवडती."

"मागाची पूजा करताना आत सूत घेऊन पळणाऱ्या धोट्याला कुंकू लावत्यात की. चालतं कोण, धोटा का मागाचं लाकूड?"

लोक हसले.

सगळे पेढे खायला गेले, तेव्हा झाकणाची किल्ली झाकणालाच होती. अण्णांनी झाकण उघडलं आणि डिस्कवर चिमूटभर कुंकू वाहिलं. पूजाच ही, असं त्यांनी मनाला बजावलं. मनाला काही ते पटलं नाही.

दसरा झाला. मशीन सुरू केलं, ते खरखरलं आणि बंद पडलं. पुण्याचा इंजिनीअर यायला आठवडा लागला, आणि तो आठवडा अण्णांचा होता. टेबलाशी पुन्हा रांग. अण्णा मुद्दाम चष्मा पुसत, पानं सावकाश उलटत आणि रंगखात्याच्या कोंडीबाला दोनदा विचारायला लावत.

आठव्या दिवशी इंजिनीअरनं आतली लाल पूड साहेबांना दाखवली. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं.

"चूक माझी," रत्नम्मा म्हणाली. "किल्ली माझ्याकडं असती. मी ती झाकणालाच विसरले. दुसऱ्या डिस्कवर नक्कल हाय, दोन दिवसांत सुरू करते."

अण्णांशेजारी उभा असलेला कोंडीबा तिच्याकडं सरकला. "पोरगी लई धीराची हाय," तो म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

अण्णा पुन्हा जळले. मशीन तिचं, मान तिचा. आता त्यांनी आपल्या हातानं केलेलं पापसुद्धा तिनंच घेतलं, आणि वर लोकांनी त्याचं पुण्य करून टाकलं.

"कुंकू मी वाहिलं," अण्णा म्हणाले. खरं बोलायची हौस नव्हती. एवढं तरी आपल्या नावावर राहावं, इतकंच.

साहेब हळूच म्हणाले, "अण्णा, पोरीला वाचवायला खोटं बोलताय. तुमचं मन मोठं आहे, पण बसा आता."

लोक कौतुकानं बघायला लागले. रत्नम्मा तेवढी तशी बघत नव्हती. अण्णा खरं बोलले हे ओळखणारं माणूस अख्ख्या गिरणीत एकच होतं, आणि तेही तीच होती.