नुसतं उभं राहायचं

होरेस थ्रेलफॉलने भाजलेल्या मेंढीच्या मांडीत सुरी रोवली आणि पहिलाच काप वेडावाकडा निघाला. रविवारचे मांस घरच्या पुरुषाने उभे राहून कापावे, ही इंग्लंडमधील लँकशायरच्या त्या गिरणगावातील रीत. परंतु घरचा पुरुष, डेरेक, उजवा पाय उशीवर ठेवून शेगडीपाशी बसला होता. म्हणून त्याच्या बायकोने, एड्नाने, सुरी आपल्या थोरल्या भावाच्या हाती दिली होती.

"जपून, कप्तान," डेरेक म्हणाला. "मेंढी आहे ती. समोरच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड नाही."

एड्ना हसली. होरेसला हसू आले नाही.

होरेस गावच्या फुटबॉल संघाचा कर्णधार आणि बचावफळीचा आधारस्तंभ. केस विरळ होत आले, तरी त्याला चुकवून पुढे जाणे भल्याभल्यांना साधत नसे. कप स्पर्धेचा मोठा सामना मात्र त्याच्या नशिबी कधी आला नव्हता. तो पंधरवड्यापूर्वी आला, आणि मध्यंतराआधीच त्याच्या संघाचा उमदा फॉरवर्ड, हाच डेरेक, गुडघा धरून कोसळला. थंड पाण्याचा स्पंज त्या गुडघ्यावर पिळता पिळता म्हातारा प्रशिक्षक सेप होरेसच्या कानाशी पुटपुटला होता, "हा पळाला, तर गुडघा गेलाच म्हणून समज."

जखमी गड्याऐवजी दुसरा उतरवण्याची मुभा त्या काळच्या नियमांत नव्हती. उरलेल्या दहांनिशी लढावे, अथवा लंगडत्याला कडेला उभे करून प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस गुंतवून ठेवावा, एवढेच मार्ग. होरेसने सेपचे बोल पोटात ठेवले.

"डाव्या कडेला नुसतं उभं राहायचं," तो डेरेकला म्हणाला होता. "पळायचं नाही."

चेंडू समोर आला असता न पळणारा फॉरवर्ड त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि ते वाक्य उच्चारतानाही त्याला हे पुरते ठाऊक होते. डेरेक पळाला. गोल झाला. गाव नाचले. आणि काल डॉक्टरांनी सांगितले, की हा पाय आता काठीवाचून चालणार नाही.

एड्ना पुदिन्याची चटणी आणायला आत गेली. होरेसने सुरी खाली ठेवली.

"डेरेक, तिला आज सांगणार आहे मी. त्या दिवशी सेप मला म्हणाला होता—"

"ठाऊक आहे."

"म्हणजे? तू ऐकलंस?" होरेसने विचारले.

"अरे, सेपची कुजबुज अर्ध्या मैदानाला ऐकू जाते. आणि गुडघा माझाच होता ना?"

"मग उठलास कशाला?"

"तू म्हणालास म्हणून."

त्या स्वरात रोष नव्हता. असता, तर होरेसला तो अधिक सोसवला असता. डेरेकने उशी जरा सरकवली.

"पण एड्नाला मी तसं सांगितलेलं नाही. तू अडवत होतास, मीच हट्टाने गेलो, असं सांगितलंय. दुसऱ्याच्या शब्दावर पाय घालवला, तर मी येडा ठरतो, होरेस. आपल्या मर्जीनं घालवला, तर गोष्ट वेगळी. परवा पावाच्या दुकानात, गावासाठी पाय घालवणाऱ्याची बायको म्हणून, बायकांनी तिला रांगेत पुढे जाऊ दिलं. आल्यावर किती वेळ तेच सांगत होती. आता माझ्यापाशी तेवढंच आहे. ते तरी नेऊ नकोस."

"आणि मी काय करू?"

"मांस काप. गार होतंय."

एड्ना वाडगा घेऊन परतली. तो मेजावर ठेवता ठेवता ती थबकली आणि तिने भावाच्या दंडावर हात ठेवला.

"दादा, खरं सांग हं. तू अडवलंस ना याला? हा म्हणतो, तू अगदी खांदे दाबून बसवत होतास."

डेरेक निखाऱ्यांकडे पाहत होता. होरेसने बहिणीच्या मुखाकडे पाहिले. लहानपणापासून तिने त्याच्या शब्दाची कधी शहानिशा केली नव्हती.

"अडवलं," तो म्हणाला. "ऐकेना."

"मला वाटलंच होतं," एड्ना म्हणाली. आणि खरपूस भाजलेला सर्वांत मोठा बटाटा, जो दर रविवारी डेरेकसाठी राखलेला असे, तिने भावाच्या ताटात वाढला.