लॉर्डसाहेबांच्या वेस्टकोटावरचा डाग

मी वेस्टकोट बोलतोय. पांढरा, बिनबाह्यांचा, शिंपल्याच्या तीन बटणांचा. पाच वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर ज्याच्या छातीवरच्या लाल डागाला अख्खं ब्रिटन हसायचं, तोच मी. आज तो डाग माझ्यावर नाही. इतका स्वच्छ मी जन्मात कधी नव्हतो, आणि खरं सांगतो, मला मुळीच बरं वाटत नाहीये.

सध्या मी खाकी कागदाच्या पुडक्यात आहे. पुडकं कांताबाई पतंगे यांच्या मांडीवर आहे, आणि कांताबाई लंडनहून ग्लासगोला जाणाऱ्या सकाळच्या ट्रेनमध्ये खिडकीशी बसल्यात. शेजारी त्यांची लेक मीनल. आज दुपारी ग्लासगोत मला एका माणसाच्या अंगावर शेवटचं चढवणार आहेत. त्याच्या बायकोची एकच विनंती आहे, तो डाग पुन्हा लावून द्या. कांताबाईंच्या पर्समध्ये कुंकवाची डबी आहे. पण दोन दिवस मी त्यांच्या वेम्बलीच्या घरात टेबलावर पडून होतो, आणि त्यांनी दोनदा डबी उघडली नि दोनदा मिटली. लावणार की नाही, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पाच तासांचा प्रवास आहे, त्यातला निम्मा संपलासुद्धा. तोवर माझी हकिकत ऐका.

माझा जन्म १९८६ सालचा, लंडनमध्ये, ॲक्टनच्या एका वर्करूममधला. टीव्हीच्या मालिकांचे कपडे तिथे शिवले जायचे. कांताबाई तिथे नव्यानंच लागल्या होत्या. नगरच्या शिंप्याची ही मुलगी, बापाच्या मशीनखाली चिंध्यांशी खेळत मोठी झालेली. नवरा माधवराव वर्षापूर्वी बसल्या जागी गेले होते, घरात बारा वर्षांची मीनल, म्हणून ही नोकरी. तीही तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर. वर्करूमच्या प्रमुख मिसेस हार्ग्रीव्ह. वाकडी शिवण त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची, आणि मग काय, उसवा.

मालिकेचं नाव होतं 'हिज लॉर्डशिप अँड द लॉजर्स'. एका म्हाताऱ्या लॉर्डच्या हवेलीत लंडनचे चार गुंड पाहुणे म्हणून लपायला येतात. लॉर्ड त्यांना सूप कसं प्यायचं ते शिकवतो, ते लॉर्डला तिजोरी कशी फोडायची ते शिकवतात, आणि बिचारा इन्स्पेक्टर दर भागात रिकाम्या हातानं परत जातो. गंमत पडद्यामागे होती. लॉर्ड झालेला डेनिस हा ग्लासगोच्या गोदी कामगाराचा मुलगा, आणि गुंडांचा म्होरक्या झालेला नट खऱ्याखुऱ्या सरदार घराण्यातला. जेवणाच्या सीनआधी कुठला काटा आधी उचलायचा हे आमच्या लॉर्डना तो गुंडच कानात सांगायचा. मी छातीवरच असायचो, मला सगळं ऐकू यायचं.

आता मूळ गोष्ट. ऑक्टोबर होता, खंडेनवमीचा दिवस. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतात, तो. कांताबाई स्वतःच्या कपाळाला कुंकू लावत नव्हत्या, माधवराव गेल्यापासून डबी कपाटातच होती. पण कात्रीची पूजा चुकवायची म्हणजे बापाचं नाव बुडवायचं. लंच ब्रेकमध्ये सगळे सँडविच खायला गेल्यावर त्यांनी ईलिंग रोडच्या देशी बाजारातून आणलेली झेंडूची दोन फुलं काढली, कात्री, टेप, अंगुस्ताना ओळीनं मांडला, मशीन पुसलं, सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, त्याला सुट्टी असते, असा त्यांच्या घरचा नेम. दुपारी त्या फक्त उसवण्याचं काम करणार होत्या, आणि तेही बोटांनी.

तेवढ्यात मिसेस हार्ग्रीव्ह दारात. "व्हॅन खाली उभी आहे. वेस्टकोटाचं दुसरं बटण सैल आहे. दोन मिनिटांत घट्ट करून द्या. आणि नटांना कपडे चढवणारी ड्रेसर आजारी आहे, तर तुम्हीच व्हॅनमधून जा."

कांताबाईंनी कात्रीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून एक पूजा न झालेली सुई शोधली, दोरा दातानं तोडला आणि बटण टाचलं. नेम शाबूत, नोकरी शाबूत. फक्त घाईत हात धुवायचे राहिले. मला धरलेला त्यांचा अंगठा दुसऱ्या बटणाखाली उमटला, आणि मी तसाच घडी होऊन पिशवीत गेलो. मला कळलं होतं हो, पण सांगणार कसं?

शूटिंग साउथहॅम्प्टनच्या बाहेर एका जुन्या हवेलीत होतं. डेनिसच्या अंगावर मला चढवलं, झगझगीत दिवे लागले आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. माझा जोडीदार वेस्टकोट अजून कापायचाच होता, त्यामुळे बदली कुणी नाही. मागच्या गाडीनं मिसेस हार्ग्रीव्हही आल्या होत्या. त्या थंड आवाजात म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

सॉस सांडला म्हणता आलं असतं. टेबलावर सॉस होताच. पण कांताबाई पुढे आल्या.

"मी केलं. माझं चुकलं. आज आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ते कुंकू आहे, माझ्या हाताचं."

"मिसेस पतंगे, तुम्ही उद्यापासून..." मिसेस हार्ग्रीव्हनी सुरुवात केली. कांताबाईंचे हात साडीवरच्या कार्डिगनच्या खिशात गेले. घरी मीनलला काय सांगायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात असणार.

डेनिस मध्येच म्हणाला, "हत्यारांची पूजा? कात्रीची?"

"कात्रीची. जिच्यावर पोट भरतं, तिची."

"माझा बाप रविवारी स्वतःचा गोदीत पोती ओढायचा हूक तेल लावून पुसायचा," डेनिस म्हणाला. "आम्हाला हात लावू द्यायचा नाही. चला, एकदा असंच करून बघू."

सीन असा होता की पुडिंगखाली चोरीचे हिरे दडवलेले आहेत आणि इन्स्पेक्टर येऊन टेबलाशी उभा राहतो. इन्स्पेक्टरची नजर माझ्या डागावर गेली ती हललीच नाही, तो नटही बावचळला होता. आमचे लॉर्ड शांतपणे खाली बघून म्हणाले, "बीटरूट, इन्स्पेक्टर. आज या घरात याहून भयंकर गुन्हा झालेला नाही."

कॅमेरावाला हसला, डायरेक्टर हसला, गुंडांना तर हसू आवरेना. तो डाग मालिकेत राहिला आणि दर भागात वाढत्या तोऱ्यानं मिरवला. प्रत्येक वेळी इन्स्पेक्टर बघणार आणि लॉर्ड नवीन कारण देणार. कधी जॅम, कधी चेरी, एकदा तर "आजोबांपासून चालत आलाय."

पुढची पंचाईत मिसेस हार्ग्रीव्हची झाली. दर धुण्याला डाग फिका व्हायचा आणि दर शूटिंगला तो तस्साच हवा. मेकअपवाल्यांनी लाल रंग लावून पाहिला, तो दिव्याखाली गुलाबी दिसायचा. शेवटी एक दिवस कांताबाईंच्या टेबलाशी येऊन त्या म्हणाल्या, "मिसेस पतंगे, तुमची ती पावडर आणि तुमचा अंगठा." प्रोबेशनचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

गुरुवारी वेम्बलीच्या त्या छोट्या घरात टीव्हीसमोर दाटी व्हायची. मीनल शाळेतल्या मैत्रिणींना बोलवायची आणि डाग दिसला की ओरडायची, "दॅट्स माय मम्स थम्ब! आई, तुझी अंगठा आली बघ टीव्हीवर!" मालिकेच्या शेवटी नावं यायची, त्यात कांताबाईंचं नाव कधी आलं नाही. त्या म्हणायच्या, "सही तर आधीच दिसलीये ना, मग नाव कशाला?" बोलायच्या हसून, पण नावं संपेपर्यंत टीव्ही बंद करू द्यायच्या नाहीत.

काय दिवस होते ते. १९९१ साली मालिका संपली. कंपनीनं आठवण म्हणून मला डेनिसला दिलं. तो मला ग्लासगोला घेऊन गेला आणि सात वर्षं मी त्याच्या कपाटात न धुता लटकलो. पाहुणे आले की बाहेर काढायचा, डाग दाखवायचा आणि कांताबाईंच्या कात्रीची गोष्ट सांगायचा. दर नाताळला त्याचं कार्ड वेम्बलीला जायचं, 'बीटरूटला नमस्कार' एवढंच लिहिलेलं.

गेल्या आठवड्यात तो गेला. याच वेस्टकोटात निरोप द्या, असं बायकोला, मोयराला, सांगून ठेवलं होतं. मोयरा बिचारी भली बाई. शेवटच्या प्रवासाला नीटनेटका असावा म्हणून तिनं मला लॉन्ड्रीत टाकलं, आणि लॉन्ड्रीवाल्यानं मोठ्या मेहनतीनं डाग काढला. मला बघून ती पायरीवरच बसली. मग तिनं वेम्बलीला फोन लावला आणि मला पार्सलनं पाठवलं.

झालं ते हे असं. आता ट्रेन कार्लाइल स्टेशन सोडून पुढे निघालीये. फॉइलमधली पोळी-भाजी तशीच आहे. मीनल, आता चोवीस वर्षांची, कौन्सिलमध्ये नोकरी करणारी, पुडक्याकडे बघून म्हणतेय, "आई, व्हॉट आर यू स्केअर्ड ऑफ?"

"मयताच्या कपड्याला कुंकू लावत नाहीत गं. आणि तेही मी लावायचं? लोक काय म्हणतील?"

"पण तू कात्रीला लावते ना, एव्हरी इयर?"

"कात्रीची गोष्ट वेगळी. तिच्यावर आपलं पोट भरलंय."

मीनलनं नुसतं पुडक्यावर हात ठेवला.

कांताबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी कागद सोडला, समोरचं टेबल रुमालानं पुसलं, मला त्यावर पालथा नव्हे, उताणा पसरला, जशी कात्री मांडायच्या तसा. डबी उघडली. दुसऱ्या बटणाखाली त्यांचा अंगठा टेकला तेव्हा मला कळलं की तो आता संधिवातानं वाकडा झालाय. डागही थोडा वाकडा आलाय. मिसेस हार्ग्रीव्हना चालला नसता, आमच्या लॉर्डना चालेल.

मग बाईंनी हात जोडले. वर्षानुवर्षं खंडेनवमीला कात्रीला म्हणतात तेच म्हणाल्या, हळू आवाजात.

"झालं काम. आता सुट्टी."

मला म्हणाल्या की त्याला, मी विचारलं नाही. दोघांनाही लागू होतं.

थोड्याच वेळात स्टेशन येईल. आज मी त्याच्या अंगावर चढलो की पुन्हा कुणाच्या हातात येणार नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तिथे कुणी वाकून विचारलं, अहो, एवढ्या मोठ्या माणसाच्या छातीवर हा डाग कसला, तर त्यांना बीटरूटच सांगा. त्यानं तेच सांगितलं असतं. पण घरी गेल्यावर आपल्या माणसांना खरं सांगा, की तो अंगठा नगरच्या शिंप्याच्या मुलीचा, कांता पतंगे हिचा आहे. तिचं नाव तेवढं यायचं राहिलं होतं.