आढ्यापर्यंत न पोचलेली भिंत

आमच्या गुरुदत्तला वाटतं, बहिणीला काही कळत नाही. बहीण ठाण्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाली, तरी कळत नाही! हे गेले, मूलबाळ नाही, तेव्हा फंडाच्या पैशांत एखादं घर घेऊन भाड्यानं द्यावं, उतारवयात तेवढाच आधार, ही कल्पना त्याचीच. घरंही त्यानंच दोन शोधली.

एक कल्याणचं. पक्क्या विटांचं, भिंती अशा जाड की पलीकडे लग्न लागलं तरी अलीकडे कळू नये. फाळणीनंतर तिकडे माणसांचा लोंढा आलेला, त्यामुळे खोलीला गिऱ्हाईक कायम. मी आपली ठाण्यातच राहायचं आणि भाडं तेवढं आणायला जायचं. दुसरं डोंबिवलीचं, कौलारू, जुनं. अर्ध्यात मी, अर्ध्यात भाडेकरू. मधली भिंत पुरुषभर उंच आणि वर आढ्यापर्यंत सगळं मोकळं. गुरुदत्त म्हणाला, ताई, हे घर नव्हे, धर्मशाळा आहे.

आम्ही ते बघत होतो तेव्हा पलीकडे मालकाची सून दूध उतू गेलं म्हणून कुणावर तरी तणतणत होती. मग कुणीतरी हसलं. मी तिथेच उभी राहिले. ठाण्याच्या खोलीत दिवसचे दिवस माझ्याशी कुणी बोलत नसे. पोस्टमन चुकून आला तरी मी त्याला पाणी घेणार का विचारायची. मला भाडं नकोच होतं, पलीकडे माणसं हवी होती. हे भावाला सांगायची लाज वाटली. डोंबिवलीची हवा चांगली, असं काहीतरी सांगून मोकळी झाले.

घर घेतलं, जुना मालक सोडून गेला आणि पलीकडे भाड्यानं महिपत आणि त्याची बायको रतन राहायला आले, सोबत दोन मुली. चिपळूणकडची माणसं, मोठ्यानं बोलणारी असतील म्हणून मी खूश. कसलं काय! पलीकडून नुसती कुजबुज. भांडं पडलं की लगेच 'श्श'. कांदा परतला तर कळायचं, तेही वासावरून. शेवटी मी महिपतला विचारलंच. तर म्हणे, खोली देताना तुमच्या भावानं बजावलंय, बाई एकट्या असतात, त्यांना गडबड सोसत नाही. शहाणाच आहे आमचा! तसं काही नाही रे, असं मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि काहीही बदललं नाही.

मग मी रतनला वाटीभर साखरांबा नेऊन दिला. शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. काहीतरी घेऊन येईल, घटकाभर टेकेल, असा माझा हिशेब.

एका संध्याकाळी धाकटी तुळसा पाढे म्हणायला लागली. आधी दबकत, मग रंगात येऊन चांगली खणखणीत. मी निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले. काय बरं वाटलं म्हणून सांगू! "सात आठे चोपन्न," ती म्हणाली आणि माझ्या तोंडून गेलंच, "छप्पन्न गं, छप्पन्न!"

पलीकडे सगळं गप्प झालं. मी वाट पाहिली. साताचा पाढा काही पुढे सरकला नाही.

सकाळी रतन आली. हातात माझी वाटी. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिनं तिच्यात महिन्याचं भाडं घडी करून ठेवलं होतं. आत ये, चहा टाकते, म्हटलं, तर उंबऱ्याबाहेरच उभी.

"बाई, कालचा त्रास मनावर घेऊ नका."

"अगं, त्रास कसला? मला आवडतं. रोज म्हणू दे तिला, मोठ्यानं म्हणू दे."

ती ओशाळून हसली. बाई मोठ्या मनाच्या म्हणून असं बोलतात, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

"नाही बाई. मी सांगितलंय तिला. आता ती मनातल्या मनातच म्हणते."

आणि जाताना माझं दार तिनं हळूच ओढून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून.