चौथा शब्द

इस्पितळाच्या लाँड्रीत धाकट्या जावेची चार बोटं इस्त्रीच्या रुळात गेली, आणि पाचव्या दिवशी लाँड्री चालवणाऱ्या कंपनीने तिथल्या सगळ्या बायकांना धाडलं काय, तर कागद! त्यावर इंग्रजीत मनाच्या अवस्था: सॅड, अँग्री, स्केअर्ड, गिल्टी. एक निवडायची, पुढे कारण लिहायचं आणि साहेबासमोर बोलून दाखवायचं. म्हणे मन मोकळं होतं. बोटं गेली एकीची आणि मनं मोकळी करणार सगळ्यांची!

थोरलीही तिथेच कामाला. तिने आपला कागद लेकीपुढे टाकला. लेक अर्थ सांगत गेली. चौथ्या शब्दावर थोरलीने बोट ठेवलं.

"आई, हा तुझा नाही. आपल्या हातून वाईट घडलंय असं वाटणं, म्हणजे गिल्टी."

"कळलं गं. कारण कसं म्हणायचं ते सांग. रुळापुढची जाळी मी काढली."

अपघाताच्या दिवशी, बोटं आत जाऊ नयेत म्हणून लावलेल्या त्या जाळीत चादरी अडकत होत्या. "काढ ती जाळी, काम तुंबलंय," म्हणून मुकादम डोक्यावर बसला, तेव्हा थोरलीने पाना घेऊन ती काढली. मग त्याने तिला धुलाईकडे पिटाळलं आणि रुळावर धाकटीला उभं केलं. तिला कुणी काही सांगितलंच नाही.

लेकीने वाक्य लिहून दिलं. थोरलीने ते भांडी घासताना घोकलं, बसमध्ये घोकलं.

ऑफिसात साहेबाशेजारी मुकादम बसला होता. जाळी तर त्याने अपघातानंतर त्याच दिवशी परत बसवून घेतली होती.

"बोला मावशी," तो गोड आवाजात म्हणाला. "बाकीच्या सगळ्या सॅड म्हणाल्या."

आता घरात कमावणारी ती एकटीच उरली होती.

"सॅड," ती म्हणाली.

"बिकॉज शी वॉज केअरलेस," मुकादमाने पुढचं जोडून दिलं. साहेबाने थोरलीकडे पाहिलं. मुकादमाच्या तोंडचं रोजचं 'केअरलेस' तिला कळलं, तरी तिने मान डोलावली, मेलीने!

घरी आल्यावर ती धाकटीला भरवायला बसली.

"जाऊबाई, एक विचारू? सारखं तेच डोक्यात येतं. जाळी होती ना हो जागेवर?"

"होती."

"मग माझंच चुकलं," धाकटी म्हणाली आणि डाव्या हाताने डोळे पुसले. थोरलीने पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला.