मठ्ठ्यात भिजलेला अंतरपाट

मुहूर्त साडेअकराचा, आणि पावणेअकराला बाबांच्या अंतरपाटावर मठ्ठ्याची बादली पालथी झाली.

बाबा, म्हणजे चुडामण, चाळीस वर्षं बुऱ्हाणपुरात दुसऱ्यांच्या पॉवरलूमवर राबले. विणलेल्यातला हातभर तुकडासुद्धा कधी घरी आला नाही. नात मोनालीच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, लग्नासाठी मात्र त्यांनी मालकाकडून एका दिवसापुरता लूम मागून घेतला आणि हा जाडजूड पांढरा अंतरपाट विणला. नवरानवरीच्या मध्ये आपलं कापड धरलेलं बघायचं, एवढीच त्यांची हौस.

माझ्या आईने, धुरपदाबाईने, तो खळखळून धुतला. नवरदेवाची आत्या ज्योत्स्नाबाई लगेच म्हणाली, "राहू द्या ना! आम्ही चमकीवाला रेडिमेड आणलाय."

बाबा मान खाली घालून बसले. माझं डोकं सणकलं.

"मेरे पे छोडो, दहा मिनिटात सुकवतो," माझा नवरा निरंजन म्हणाला. त्याने कापडाची चौघडी करून कोठीत दोरीवर टाकली, धूळ नको म्हणून दारं-खिडक्या लावल्या आणि समोर कूलर सोडला. पाण्यासकट! आमच्या गावाचा देवापेक्षा कूलरवर विश्वास जास्त.

अकराला दार उघडलं. कोठी गारठलेली, भिंतींना घाम, आणि अंतरपाट होता तसाच.

"मघाशी अत्तर मारलं, ते तर लगेच उडालं," निरंजन डोकं खाजवायला लागला.

"अत्तर उडतं हो जावईबुवा, पाण्याचं बूड जड," बाबा उठले. "त्यात तुम्ही कोठीच पाण्याने भरली. गच्च भरलेल्या बसमध्ये अजून माणसं चढतील का? आम्ही कांजीचं ओलं सूत मोकळं पसरून पंख्याखाली वाळवायचो. चौघडी मोडा आधी! प्रतिभा, बाहेर ऊन आहे, वारा आहे. चल."

आमच्या बुधवारा मोहल्ल्यात वरात शिरली होती. मी, आई आणि दोन शेजारणी, अशा आम्ही चौघींनी कापडाचे चार कोपरे धरले आणि सरळ बँडपुढे घुसलो. वैशाखाची लू, गरम वारं, भणाणत होती. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला अंतरपाट वर, खाली, वर. सत्तर वर्षांची माझी आई पदर खोचून नाचत होती.

"मम्मीजी, ये चादर कायची?" घोडीवरून नवरदेव विपुल ओरडला.

"तुझा अंतरपाट आहे! त्यांना जोरात वाजवायला सांग!"

विपुल एवढा हसला की मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या. आई दमली तेव्हा तिचा कोपरा कोणी धरला? ज्योत्स्नाबाईने. आणि बाई काय नाचली!

मुहूर्ताला एक टोक बाबांनी धरलं, दुसरं मी. कापड खडखडीत वाळलं होतं.

"काठ ओला आहे गं," बाबा कुजबुजले. "तिथे दुहेरी आहे ना."

"भटजींचा दम मोठा आहे, मंगलाष्टकं लांबवतील. वाळेल."

मंगलाष्टकं संपता संपता तोही वाळला. चमकीवाला रेडिमेड ज्योत्स्नाबाईने स्वतःच्या हाताने मठ्ठ्याच्या पिंपावर झाकण म्हणून घातला.