इथी हसाचं

मी एक जुनं, दमटपणानं फुगलेलं पुस्तक आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या अंगाला मातीचा वास येतो, कारण मी दोन वर्षं एका मेलेल्या मुलीच्या दगडापाशी काढली आहेत.

बी.ए.च्या मुलांसाठी माझ्या एकाच पुठ्ठ्यात दोन बिऱ्हाडं कोंबलेली. पुढं जुनं इंग्रजी विनोदी नाटक, मागं आफ्रिकेतल्या कविता. मला गडचिरोलीच्या बाजारात दुर्गानं घेतलं. एटापल्लीपलीकडच्या जंगलातली ती पोर, झाडू नावाच्या माणसाची थोरली लेक. नाटकातली माणसं चहा पिता पिता एकमेकांना टोमणे मारत, पण त्यात हसण्यासारखं काय ते तिला कळेना. मग सर वर्गात सांगतील तिथं ती पेन्सिलीनं समासात लिहून ठेवी, 'इथी हसाचं'. एकवीस ठिकाणी! मला भारी अपमान वाटायचा. कवितांशी मात्र तिचं लगेच जमलं. जेवणाआधी पूर्वजांना घास काढून ठेवणारी माणसं भेटली, तिथं तिनं लिहिलं, 'आपल्यासारखेच'. शेवटच्या कवितेपाशी लिहिलं, 'बाबाले विचारणे'. ते विचारायचं राहूनच गेलं. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली आणि हिवताप डोक्यात चढून चार दिवसांत संपली.

त्या गावची रीत अशी, की गेलेल्या माणसासाठी दगड उभा करायचा आणि त्याच्या वस्तू तिथंच ठेवायच्या. त्या घरी आणल्या, तर त्यांच्यामागं जीवही येतो म्हणतात. दुर्गाच्या पत्र्याच्या पेटीत तिची फणी होती, लुगडं होतं आणि मी होतो.

धाकटी सोमारी त्याच परीक्षेला बसली आणि याच पेपरात नापास झाली. मी बाजारात मिळत नव्हतो, कॉलेजातली एकुलती प्रत वाळवीनं फस्त केलेली. पुन्हा नापास झालीस तर शिक्षण बंद, असं झाडूनं बजावलं होतं. शेवटी एका दुपारी तिनं दगडापाशी जाऊन पेटी उघडली, मला ओढणीत गुंडाळलं आणि वसतिगृहावर नेलं.

मित्रांनो, गावचं म्हणणं खोटं नव्हतं. दुर्गा आली. सोमारी पान उलटी, तर तिच्याआधी तिथं बहीण बसलेली. ते अक्षर पाहून ती दचके, भर दुपारी मागं वळून बघे. भीतीपोटी तिनं एक 'इथी हसाचं' रबरानं पुसून टाकलं आणि मग तोंडात ओढणी कोंबून रडली. परीक्षा चार दिवसांवर असताना ती मला घेऊन गावी आली.

मला पाहताच झाडूचा चेहरा उतरला. घरात न घेता तो आम्हाला दगडापाशीच घेऊन गेला.

"बाबा, दुर्गाबाईनं तुले एक गोष्ट विचाराची ठेवली हाय," सोमारी म्हणाली.

तिनं मला दगडापाशी ठेवलं आणि ती शेवटची कविता त्याला त्यांच्या बोलीत सांगितली. एक आई मेलेल्या लेकराला रोज हाक मारून वाटीत पेज वाढते. एक दिवस हाक मारायला विसरते, तरी वाटी रिकामी होते. कशी काय?

झाडूनं दगडावरचा पाचोळा हातानं बाजूला केला.

"भूक लागली का लेकरू घरीच येते," तो म्हणाला. "त्याले कायची हाक?"

बोलून झालं आणि त्याचा त्यालाच हुंदका फुटला. मला उचलून त्यानं सोमारीच्या हातात दिलं.

"पेपर झाला का याले घरी आण. येऊ दे तिले."

बापाचाच अर्थ सोमारीनं पेपरात लिहिला आणि ती पास झाली. आता मी झाडूच्या घरात फळीवर असतो. संध्याकाळी माझ्यापुढं पेजेची वाटी येते.

मित्रांनो, जुन्या पुस्तकातलं पेन्सिलीचं अक्षर पुसू नका. कधीकधी सोमारी बापाला ते नाटक सांगते. वीस ठिकाणी ती थांबते आणि झाडू मनापासून हसतो. पुसलेल्या जागी ती थांबत नाही, तोही हसत नाही.

तिथं तिसरंच कुणीतरी हसतं.