बाबांनी ठेवलेली दाढी

गल्लीत त्याला सगळे ‘झटपट’ म्हणायचे. एक डोकं हातात, दुसऱ्यावर नजर, तिसरं बाकावर, अशी त्याच्या दुकानाची तऱ्हा होती. गिऱ्हाईक खुर्चीत नीट टेकतंय न टेकतंय तोच कापड झटकून मोकळं. सकाळी आलेला चहा दुपारी साय धरून परत जायचा. जेवण म्हणजे दोन गिऱ्हाइकांच्या मधे उभ्याउभ्या कोंबलेले चार घास. आणि या सगळ्याचा त्याला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

दुकान मूळचं बाबांचं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी वस्तरा मुलाच्या हातात दिला, पण स्वतःच्या दाढीसाठी रोज सकाळी येत राहिले. पहिलं गिऱ्हाईक बाबा, हे ठरलेलं. घरात दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नसे, पण खुर्चीत बसल्यावर बाबांची जीभ सुटायची. झटपट हं हं करायचा, आणि त्याचा दिवस चांगला सुरू व्हायचा.

एका सकाळी बाहेर दोघं-तिघं ताटकळत होते. झटपटचं लक्ष तिकडे गेलं, हात घसरला आणि बाबांच्या हनुवटीखाली लाल रेघ उमटली. तसं फार काही नव्हतं. तुरटी फिरवली, रक्त थांबलं. टॉवेलची घडी बाबांनी स्वतःच घातली, खुर्चीच्या हातावर ठेवली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. सुनेने विचारलं तेव्हा म्हणाले की जरा दाढी ठेवावी म्हणतोय.

झालं. मुलगा अख्ख्या गल्लीच्या दाढ्या करतो आणि बाप दाढी वाढवतोय, म्हटल्यावर लोकांना आयतंच सापडलं. वस्तरा बोथट झाला का, असं येणारा-जाणारा विचारायचा. झटपट हसून वेळ मारून न्यायचा. पण तेव्हापासून कुणी बाकावर येऊन बसलं की त्याचा हात थरथरायला लागायचा. हात गेला की दुकान गेलं, हे त्याला कळत होतंच. त्याहूनही त्याला सकाळची ती रिकामी खुर्ची लागायची. बाबांना आपला भरवसा उरला नाही, हा विचार त्याला आतून खायचा.

बायको इस्पितळात कामाला होती. आजारातून उठलेल्या माणसांकडून ती व्यायाम करून घ्यायची, त्यामुळे थरथरणारा हात तिच्या नजरेतून सुटला नाही. सकाळी थोडं चाला, चहा बसून प्या, घास नीट चावा, मधूनमधून मोठा श्वास घ्या, असं तिने सांगितलं. झटपटने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवसापासून हे सगळं उरकायला सुरुवात केली. चालायला असा सुटला की दोन कुत्री मागे लागली आणि पाववाल्याने काळजीने विचारलं, कोण पळून गेलं? श्वासांचं त्याने काम करताकरताच भागवायचं ठरवलं. तेवढाच वेळ वाचेल.

तेच अंगाशी आलं. दुकानातला पंखा आवाज करत होता म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. तो आला, वर बघायला बरं पडतं म्हणून खुर्चीत टेकला आणि मान मागे टाकून पंखा न्याहाळू लागला. झटपटने डोळे मिटून छातीभर श्वास घेतला, सावकाश सोडला आणि डोळे उघडले. समोर मान टाकलेला माणूस. पुढचं हातांनी आपोआप केलं. कापड, फेस, वस्तरा. दुरुस्तीवाला काहीतरी सांगायला बघत होता, पण ओठ उघडले की फेस आत जायचा. एक गाल साफ झाला तेव्हा कुठे त्याला बोलायला सवड मिळाली. आपण पंख्यासाठी आलोय, असं तो म्हणाला, आणि ही दाढी बायकोच्या आवडीची होती.

रात्री हे ऐकून झटपटची बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “अहो, तुम्ही विश्रांतीसुद्धा उरकताय.”

“मग करू तरी काय?”

“बाकी सगळं सोडा. एक चहा. खाली बसून, गरम असताना, संपेपर्यंत. कुणी आलं तरी उठायचं नाही.”

पहिल्या दिवशी तो बाकावर बसला खरा, पण पाय नुसता हलत होता. एक गिऱ्हाईक आत आलं, हा अर्धा उठला, परत बसला आणि त्या गडबडीत जीभ पोळून घेतली. चहा गरम असतो, हे त्याला बऱ्याच वर्षांनी कळलं. साखर फार असते, हेही कळलं. तसं त्याने चहावाल्याला सांगितलं तर तो रुसला. इतकी वर्षं हाच चहा पाजतोय, आजच कसा गोड लागला?

हळूहळू पाय हलायचा थांबला. सकाळचं ऊन तेलाच्या बाटल्यांतून फरशीवर उतरतं, हे त्याला दिसायला लागलं. मग जेवणही बसून व्हायला लागलं. संध्याकाळी तो बायकोबरोबर फिरायला जाऊ लागला. ती दर चार घरांपाशी थांबून लोकांच्या कुंड्या बघायची आणि नावं ठेवायची, त्यामुळे धावायची सोयच नव्हती. काही गिऱ्हाइकं कुरकुरली, एक जण कायमचा दुसरीकडे गेला, त्याचं वाईटही वाटलं. पण एकदा कुणाच्या तरी मानेवर वस्तरा फिरवताना झटपटच्या लक्षात आलं की बाक भरलेला आहे आणि आपला हात शांत आहे. त्याला इतका आनंद झाला की त्याने ती मान उगीचच पुन्हा एकदा साफ केली.

बाबांना मात्र त्याने दुकानात बोलावलं नाही. कुठल्या तोंडाने बोलावणार?

एका सकाळी बाबा आपणहून दारात उभे राहिले. दाढी आता चांगली छातीकडे निघाली होती. “खाज सुटते रे,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

“कात्रीने बारीक करू का?” झटपटने घाबरतच विचारलं.

बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्याच्या हातांकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. “वस्तऱ्याने कर.”

तोवर बाकावर दोघं येऊन बसले होते. झटपटने आधी कात्रीने लांबी उतरवली, गरम टॉवेल ठेवला, फेस केला आणि एकेक गाल सावकाश घेतला. हनुवटीखाली जुन्या जखमेची पुसट खूण होती. तिथे वस्तरा आणखी हळू गेला. बाबा अवाक्षर बोलत नव्हते. रागावलेत की काय, म्हणून त्याने आरशात पाहिलं.

बाबांनी डोळे मिटले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्यांवर वस्तरा फिरवलेला माणूस. मुलाच्या हाताखाली बसायला लागल्यापासून त्यांनी आरशातल्या वस्तऱ्यावरून नजर एकदाही हलू दिली नव्हती. आज मान मागे टाकून ते निवांत पडले होते. झटपटने वस्तरा पुसून बाजूला ठेवला आणि टॉवेलने त्यांचा चेहरा हलकेच टिपला.

“झालं?” बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

“झालं, बाबा.”

“मग बसू दे जरा.”

“बसा,” झटपट म्हणाला, आणि बाकावरच्या दोघांना त्याने हातानेच थांबायला सांगितलं.